दुत्रा सरांची साय

दुत्रा सर वर्गात शिरले की पोरं आपापल्या चित्रापुढे आडवी उभी राहायची. नवख्याला वाटावं, काय हा गुरूबद्दलचा आदर! आदर कसला, चित्र वाचवायची धडपड होती ती. सरांची खोडच तशी होती. ते चित्राकडे बघायचे, मान तिरकी करायचे, "आण बघू जरा" म्हणायचे, आणि आपल्या हातातला ब्रश त्यांच्या हातात कधी गेला हे कळायच्या आत चार फटकारे मारून मोकळे व्हायचे. मेलेला गाल जिवंत व्हायचा. हवेत तरंगणारी किटली टेबलावर नीट बसायची. मग सर ब्रश परत देत, तोही स्वतःच्या शर्टाला पुसून, आणि पुढच्या बळीकडे वळत.

वर्गातली निम्मी पोरं डेअरीवाल्यांच्या घरची. त्यांनी या प्रकाराला नाव ठेवलं होतं, साय.

"काय गं, आज तुझ्यावर आली का साय?"

"आली की. नाकावर."

"मग ते नाक काही तुझं राहिलं नाही बाई."

सगळी हसायची. आणि घरी जाऊन त्या नाकाकडे बघत बसायची, कारण आख्ख्या चित्रात बघण्यासारखं तेवढंच असायचं.

आल्सिना बोर्बा या वर्गात दोन वर्षं होती. हायवे नव्याण्णवच्या कडेला, बदामाच्या बागा आणि गाईंचे गोठे यांच्या मधोमध उभं असलेलं हे दोन वर्षांचं कॉलेज. इथे येतं कोण? ज्याला घरी राहून, आईच्या हातचं खाऊन, अर्धवेळ काम करून शिकायचंय तो. दोन वर्षं इथे काढायची आणि मग किनाऱ्यावरच्या मोठ्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जायचं, असा सगळ्यांचाच बेत. गणितवाल्यांना गुणांवर घेतात. चित्रकलेचं तसं नाही. तिथे चित्रं काखोटीला मारून जायचं, प्राध्यापकांपुढे मांडायची आणि त्यांच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं. आवडली तर तिसरं वर्ष. नाही आवडली तर "पहिल्यापासून सुरुवात करा" असं गोड बोलून सांगतात. पहिल्यापासून म्हणजे आणखी चार वर्षं. बोर्बांच्या घरात तेवढा दम कुणाकडेच नव्हता.

आल्सिनाचा बाप फर्मिनो दुसऱ्याच्या गोठ्यावर दूध काढायचा. त्याने पोरीला साफ सांगून टाकलं होतं.

"हे बघ, तिसऱ्या वर्षाला घेतलं तर जा. मी आडवा येणार नाही. नाही घेतलं तर चीजच्या कारखान्यात तुझी जागा बोलून ठेवलीय. डोक्याला जाळी, पायात गमबूट. मग रडायचं नाही."

"मी कशाला रडू, पापा?"

"आत्ताच रडतेयस."

दुत्रा सरांना हे घर ठाऊक होतं, कारण ते अशाच घरातून आले होते. समुद्रापलीकडच्या अझोर बेटांवरून गाईंच्या मागे मागे या खोऱ्यात आलेल्या लोकांतलेच ते एक. याच कॉलेजात शिकले, याच रस्त्याने, अशीच चित्रं बांधून त्याच विद्यापीठाच्या दारात गेले होते. तिथल्या एका प्राध्यापकाने त्यांचं चित्र बघून म्हटलं होतं, "हुशारी आहे, पण हात लाकडाचे आहेत." चित्रातल्या माणसांचे हात म्हणायचं होतं त्याला. झालं, सर घरी परतले. पुढे कुठल्याशा लहान कॉलेजातून शिक्षण पुरं केलं आणि नोकरी मिळाली ती अशी, की आठवड्यात तीन कॉलेजांत अर्धी-अर्धी शिकवणी. ना टेबल, ना कपाट. रंग, ब्रश, विद्यार्थ्यांची चित्रं, जेवणाचा डबा, सगळा संसार गाडीच्या डिकीत. ही लाकडी हातांची गोष्ट ते दर वर्षी नव्या पोरांना हसत हसत सांगायचे. पोरंही हसायची. हसता हसता कुणाच्या लक्षात येत नसे, की हा माणूस तेव्हापासून जमेल तिथे फक्त हातच काढतोय. जेवणाच्या कागदी रुमालावर, हजेरीच्या कागदावर, दुसऱ्याच्या चित्रावर.

आल्सिनाचं मोठं चित्र होतं चर्चशेजारच्या हॉलमधलं. उन्हाळ्यात तिथे जत्रा भरते, पोरींतली एक राणी होते, डोक्यावर मुकुट आणि खांद्यावरून मागे जमिनीवर लोळणारा मखमली केप. त्या केपवरचं भरतकाम हिवाळाभर चालतं. गावातल्या बाया लांबलचक टेबलाभोवती बसून गप्पा, निंदा, नालस्ती आणि टाके एकदमच घालत असतात. आल्सिनाने चित्रात आपली आई लिओनोर हिला त्या टेबलाशी बसवलं होतं. मांडीवर निळं मखमल, डाव्या हाताने धरलेलं, उजव्या हातात सुई. चार महिने ती या चित्राशी झटत होती. चेहरा जमला होता. निळा तर असा जमला होता की यादिरा म्हणाली, "याच्यावर हात फिरवावासा वाटतो गं." यादिरा शेजारच्या ईझलवर चित्र काढायची. तोंडाची फाटकी, मनाची चांगली.

जमत नव्हते ते हात. उकडून सोललेल्या बटाट्यासारखे दिसत होते. दिसू देत, आल्सिनाने ठरवलं होतं. शनिवार-रविवार आहेत, मी बघून घेईन. सोमवारी विद्यापीठात जायचं होतं. "सर, याला तुम्ही हात लावायचा नाही हं," असं ती त्यांना हसत हसत बोललीही होती. सर म्हणाले, "छे छे."

शुक्रवारी दुपारी ती कँटीनमध्ये जाऊन सँडविच खाऊन आली, आणि दारातूनच तिला कळलं.

आईचा उजवा हात बदलला होता.

रंग ओला होता. ईझलच्या पट्टीवर सरांचं फडकं पडलं होतं, सर मात्र नव्हते. शुक्रवारी त्यांना दुपारीच पुढच्या कॉलेजला पळावं लागायचं. पळताना पाच-दहा मिनिटं थांबले असणार, आणि हाताला खाज सुटली असणार.

आल्सिना संतापली. तिने चिंधी उचलली, टर्पेंटाइनमध्ये बुचकळली, पिळली.

"पुसतेस?" यादिरा आपल्या जागेवरून म्हणाली.

"मग काय पूजा करू? सांगितलं होतं मी त्यांना! तोंडावर सांगितलं होतं!"

"मग पूस ना. थांबलीस कशाला?"

थांबली होती खरी. चिंधीतून टर्पेंटाइन मनगटावर ओघळत होतं आणि ती बघत होती. अंगठ्याचं नख मधोमध फुटलेलं. तिची आई गोठ्यावर दुधाच्या नळ्या धुते, त्यातल्या क्लोरीनने तिचं नख फुटलं ते पुन्हा कधी धड आलंच नाही. आल्सिनाने ते काढलं नव्हतं. जन्मापासून बघत असलेलं नख तिला चार महिन्यांत दिसलं नव्हतं. सरांनी तिच्या आईला कधी बघितलंही नसेल. पण त्यांचीही आई गोठ्यावरचीच. बोटांची पेरं सुजलेली, सुईवरची पकड मात्र अशी सहज, की आता टाका घालणार आणि शेजारणीबद्दल काहीतरी वाईट बोलणार.

"नाही पुसत?" यादिरा म्हणाली.

"तू तुझं काम कर ना!"

"करतेय बाई. साय चांगली घट्ट आलीय, एवढंच म्हणते."

आल्सिनाने चिंधी डब्यात फेकली. शनिवारी आणि रविवारी ती डाव्या हाताशी भांडत बसली. त्याला उजव्यासारखा करायला गेली तर बटाट्याचं रताळं झालं. शेवटी खरवडून होता तसा ठेवला.

रविवारी जेवताना तिने आईजवळ गरळ ओकली. लिओनोरने सूपमधला भिजलेला पाव तिच्या ताटात वाढला आणि सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे त्यांनी बिघडवलं?"

"बिघडवलं नाही, माय. चांगलं केलं."

"मग रडतेस कशापायी?"

"माझं चित्र आहे ते!"

"आणि केप कुणाचा होता? पंधराव्या वर्षी राणी झालीस, मिरवलीस, सगळा गाव म्हणाला, आल्सिनाच्या केपवरचं कबुतर बघा. कुणी भरलं होतं ते? तिया जॉर्जिनानं. तू घातलेले टाके उसवून. तेव्हा बरी नाही रडलीस."

हे खरंच होतं. त्या हॉलमध्ये कुठलाही केप एकटीने पुरा करायची रीतच नाही. पोरगी भरते, आई भरते, मावशा भरतात, आणि शेवटी तिया जॉर्जिना, म्हणजे सगळ्यांची मावशी, हॉलमधली सगळ्यांत म्हातारी बाई, चष्मा कपाळावर चढवते, एखादं फूल किंवा कबुतर उसवते आणि पुन्हा भरते. पोरीने तिच्या हाताचा मुका घ्यायचा. यात चोरी नाही, उपकारही नाहीत. जत्रेत कबुतराची स्तुती पोरीने ऐकायची आणि तिया जॉर्जिनाने लांब बसून आइस्क्रीम खायचं.

"ते वेगळं," आल्सिना म्हणाली.

"काय वेगळं?"

वेगळं होतं ते हे, की राणीला कुणी विचारत नाही, कबुतर कसं भरलंस म्हणून.

विद्यापीठात विचारलं.

खोली पांढरी, भिंती पांढऱ्या, तीन प्राध्यापकांपैकी एक तर आल्यापासून फोनमध्ये डोकं घालून बसलेला. बोलत होत्या त्या विन्स्लो बाई. वयस्कर, केस बारीक कापलेले. बाजारात कोबी बघत जावं तशा त्या आल्सिनाच्या चित्रांवरून चालत गेल्या.

"हं. हं. यांच्या त्या कॉलेजची चित्रं लांबूनच ओळखू येतात हो," त्या केसलर नावाच्या प्राध्यापकांना म्हणाल्या. "सगळी नीटनेटकी. सगळी एकाच घरातली."

केसलर हसले. आल्सिनाला डोक्यावरची जाळी दिसली, गमबूट दिसले.

मग बाई हॉलच्या चित्रापुढे आल्या आणि थांबल्या. चष्मा लावला. वाकल्या. चेहऱ्याकडे बघितलं नाही, चार महिन्यांच्या निळ्याकडे बघितलं नाही. नाक जवळजवळ कॅनव्हासला टेकवून त्या उजव्या हाताकडे बघत राहिल्या. फोनवाल्याने फोन खाली ठेवला.

"हा हात," बाई म्हणाल्या. "बाकी सगळं शिकवलेलं आहे. हा शिकवलेला नाही. हा बघितलेला आहे. कसा काढलास?"

खरं सांगायचं तर तेव्हाच सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. आल्सिनाच्या जिभेवर ते आलंही. मग चीजचा आंबूस वास आला, आणि ते वाक्य तिने गिळलं.

"माझी आई आहे ती," ती म्हणाली. "गोठ्यावर नळ्या धुते. क्लोरीननं नख फुटलंय तिचं. लहानपणापासून बघतेय मी."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. माणसाला सरावाशिवाय इतकं सुबक खोटं बोलता येतं हे तिला त्या दिवशी कळलं.

"आणि हा डावा?" केसलर म्हणाले. "हा अगदीच..."

"तो मुद्दाम तसा सोडलाय," आल्सिना म्हणाली.

"अर्थात!" विन्स्लो बाई म्हणाल्या. "डावा ओबडधोबड ठेवला म्हणून तर उजव्यावर नजर जाते. फार धाडसी निर्णय."

मोठी माणसं. त्यांना बटाट्यातही धाडस दिसतं.

तीन आठवड्यांनी मेल आला. थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश. फर्मिनोने तो दोनदा वाचून घेतला, मग बाहेर जाऊन उगाचच गाडीचं इंजिन उघडून बघत बसला. लिओनोरने हॉलमध्ये सगळ्यांना सांगितलं. तिया जॉर्जिना म्हणाली, "आता तिथं जाऊन नंग्या माणसांची चित्रं काढील," आणि तिच्यासाठी गोड पाव भाजून पाठवला.

आल्सिना तो पाव घेऊन वर्गात गेली. बातमी तिच्या आधी पोचली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुत्रा सर तर असे उभे होते, जणू त्यांनाच घेतलंय. त्यांनी पावाचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

"मग? सांग ना! कोण कोण होतं? काय म्हणाले? थांबले कुठे?"

"हॉलच्या चित्रापाशी थांबले, सर."

"थांबले!" सरांनी वर्गाकडे बघितलं. "बघा! मी म्हणत नव्हतो? मग? काय बघितलं त्यांनी?"

त्यांनी ते अगदी सहज विचारलं. पण पाव धरलेला हात तोंडाकडे जाता जाता थांबला होता. आल्सिनाला दिसलं. लाकडाचे हात घेऊन घरी परतलेला विशीतला एक पोरगा तिच्यासमोर उत्तराची वाट बघत उभा होता, आणि उत्तर तिच्याकडे होतं. त्याच खोलीतून आणलेलं, शब्दाला शब्द. नुसतं उघडून द्यायचं होतं.

यादिरा आपल्या जागेवरून तिच्याकडे बघत होती.

आल्सिनाला तेव्हा त्यांचा राग आला होता, हे कुणाला खरं वाटणार नाही, पण आला होता. न विचारता हात घातल्याचा राग. तो हात तिच्यापेक्षा चांगला असल्याचा राग. आता शंभर मैल लांब जाऊन दोन वर्षं त्या बाईंना तसाच दुसरा हात काढून दाखवायचा होता, आणि तो येत नव्हता, त्याचा राग. तिला जागा हवी होती, आणि ती स्वतःची हवी होती. 'हात' म्हटलं की जागा सरांची झाली असती.

"रंग, सर," ती म्हणाली. "केपचा निळा. त्यावरच बोलत होते सगळे."

"निळा." सरांनी मान हलवली. "हो, निळा चांगलाच होता तो. आणि... हातांचं काही?"

"हातांचं कुणी काहीच बोललं नाही, सर."

सरांनी पावाचा तुकडा टेबलावर ठेवून दिला.

"म्हणजे खटकलेच असणार त्यांना," ते म्हणाले. "सभ्य माणसं, बोलून दाखवत नाहीत. मीच घाण केली. तू नको म्हणाली होतीस, तरी राहवलं नाही मला. तुझं चित्र होतं, पोरी. माझ्या एका खाजेपायी तुझी जागा गेली असती. माफ कर मला."

सरांनी कुणाची माफी मागितलेली कुणी ऐकली नव्हती.

"असू दे, सर," आल्सिना म्हणाली.

म्हणजे वर तिने त्यांना माफही केलं.

यादिरा उठली. कधी नव्हे ती स्वतःहून सरांपुढे जाऊन उभी राहिली आणि ब्रश पुढे केला. "सर, माझा तो खांदा जमतच नाहीय बघा. जरा येता का? मारा ना चार हात."

सरांचा हात निघाला. सवयच ती. निम्म्यात थांबला, मागे आला आणि पँटच्या खिशात गेला. मागून दुसराही गेला.

"तूच बघ," ते म्हणाले. "तुझं आहे ते."

यादिराने ब्रश तसाच धरून आल्सिनाकडे बघितलं. तोंडाची फाटकी पोरगी, पण एक शब्द बोलली नाही. आल्सिनाने पाव कापायला घेतला आणि सगळ्यांना वाटत सुटली.

त्या दिवसापासून दुत्रा सर वर्गात शिरले की पोरं आपापल्या जागी बसून राहायची. चित्रापुढे आडवं उभं राहायची कुणालाच गरज उरली नव्हती.